सातबारा फळ्यावर घ्या, गुरुजी!

आपल्या प्रत्येकाच्या घरात एक लोखंडी ट्रंक असते. ट्रंक नसेल तर माळ्यावर पत्र्याचा डबा असतो, नाहीतर कपाटाच्या वरच्या खणात गाठ मारलेली पिशवी. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, आजोबांच्या नावचं खरेदीखत, पीकविम्याचे कागद आणि अगदी तळाला कुणालाच वाचता न येणारे मोडीतले दोन-चार पिवळे कागद असतात. कर्ज काढायचं असलं, भावकीत कुरबूर झाली किंवा एखाद्या योजनेचा अर्ज भरायचा असला की ही पिशवी खाली येते. काम झालं की परत वर जाते. वाचकहो, आज या पिशवीबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्या शेतकरी बंधू-भगिनींना सांगायच्या आहेत, आणि त्याहून जास्त गावातल्या शाळेच्या गुरुजींना आणि बाईंना.

मी शेती खात्यातला माणूस. शिक्षण शेतीच्या पदविकेपर्यंत. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवण्याशी माझा काय संबंध, असं कुणी विचारलं तर ते बरोबरच आहे. पण ठिबक असो, शेततळं असो की फळबाग, आमच्या प्रत्येक कामाची सुरुवात सातबाऱ्यापासून होते. आणि बारावी झालेला, क्वचित पदवी घेतलेला मुलगा उतारा हातात धरून मला विचारतो, "साहेब, यात आमचं नाव नेमकं कुठं आहे?" याच मुलानं दहावीला पंचायत राज्यावर दहा ओळी लिहून मार्क मिळवलेले असतात. ७३ वी घटनादुरुस्ती कधीची, हे त्याला पाठ असतं. बापाच्या नावापुढं कंस का पडलाय, ते मात्र त्याला वाचता येत नाही. मग तो दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतो. वाचून देणारा कधी भला निघतो, कधी निघत नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकात उणीव आहे असं म्हणायचं नाही. सहावी, सातवी, आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकांत गेली काही वर्षं सुरुवातीलाच 'इतिहासाची साधने' असा धडा आहे. भौतिक साधनं, लिखित साधनं, मौखिक साधनं. नाणी, ताम्रपट, शिलालेख, बखरी, पोवाडे, ओव्या. मुलं हे तीन प्रकार तोंडपाठ करतात, 'जोड्या लावा' सोडवतात आणि पुढच्या धड्याकडं जातात. साधन म्हणून काही हातात घेतलेलं मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं. ताम्रपट कुठून आणायचा, हा गुरुजींचा प्रश्नही रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की ताम्रपट नसला तरी फेरफार आहे, आणि तो दर घरात आहे.

साधन म्हणजे काय, हे मुलांना सोपं करून सांगता येतं. त्या काळात, त्या वेळच्या कामासाठी तयार झालेला कागद किंवा वस्तू. १९५८ सालच्या तलाठ्यानं फेरफार लिहिला तो आपली नोंद पुरी व्हावी म्हणून. सत्तर वर्षांनी सातवीचा वर्ग तो वाचणार आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. म्हणूनच तो कामाचा. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं धुंडाळत होते ती याच कारणानं. त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. त्यांनी सरदारांच्या आणि देशमुखांच्या वाड्यांतले कागद जमवले. आपल्याला आपल्या घरातला एक कागद पुरे आहे.

शाळेच्या जागेपासून सुरुवात

पहिला कागद कुठला घ्यावा? मी गुरुजींना सुचवतो, शाळेच्या स्वतःच्या जागेचा. गावठाणाच्या बाहेर शाळा असेल तर त्या गटाचा सातबारा, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा. यात कुणाच्या घरातलं काही उघडं पडत नाही, आणि मुलांना ती जागा पायाखालची असते. आमच्या भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत हा प्रयोग झाला तेव्हा मीही बाजूला बसलो होतो. गुरुजींनी उताऱ्याच्या झेरॉक्स वाटल्या आणि एकच प्रश्न फळ्यावर लिहिला: ही जागा कुणाची? सगळा वर्ग ओरडला, "शाळेची!" मग नाव वाचायला सांगितलं. नाव दुसऱ्याच माणसाचं होतं. त्या माणसानं फार वर्षांपूर्वी शाळेला जागा दिली हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण दिली ती तोंडी. बक्षीसपत्र नाही, फेरफार नाही. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "मग त्यांच्या नातवानं उद्या शाळा उठवायला सांगितली तर?"

बघा, एवढ्या एका प्रश्नात नागरिकशास्त्राचं अर्धं पुस्तक येतं. आणि ही एकाच गावाची गोष्ट आहे असं समजू नका. दात्यानं उदार मनानं जागा दिली आणि कागद करायचा राहून गेला, अशा शाळा, समाजमंदिरं आणि पाणंद रस्ते कैक गावांत आहेत.

उतारा वाचायची रीत साधी आहे. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख: गट नंबर, क्षेत्र, आकार, भोगवटादाराचं नाव, उजवीकडं इतर अधिकार. गाव नमुना १२ म्हणजे त्या जमिनीत दरसाल काय पिकलं त्याची नोंद. दोन नमुने एका कागदावर, म्हणून सातबारा. नावापुढं एक आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. तो फेरफार गाव नमुना ६ मध्ये मिळतो. जमीन ज्यानं ज्यानं घेतली, ज्याला वारसानं मिळाली, ज्यानं गहाण टाकली, त्या प्रत्येक वेळी एक फेरफार झाला आहे. आज ज्याचं नाव आहे तिथून निघायचं आणि नंबर धरून एकेक पायरी मागं उतरायचं. चार-पाच फेरफारांत आपण इंग्रजी अमलात पोहोचतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालचा, त्यामुळं पुष्कळ गावांत ही वाट शंभर वर्षं मागं जाते. शिक्षकांच्या भाषेत हा कालपट, मुलांच्या भाषेत पणजोबापर्यंतचा जिना.

गणिताचे गुरुजीही यात येऊ शकतात. गुंठा म्हणजे किती, हे मोठ्या माणसांनाही चटकन सांगता येत नाही. इंग्रजांच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरत. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आजच्या उताऱ्यावर हेक्टर-आर आहे. १०० चौरस मीटरचा एक आर, १०० आरचा हेक्टर. शाळेच्या मैदानावर ३३ फुटांची दोरी घेऊन मुलांनी एक गुंठा आखावा. उसाच्या भांगलणीपेक्षा यात पोरांना जास्त मजा येते, हे मी पाहिलं आहे.

इंदापूर ते सुपे

ही साखळी आली कुठून? ती आपल्याच भागात फिरली. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आधी आकारणी केली होती. ती कागदावर शास्त्रीय आणि शिवारात जाचक ठरली. सारा झेपेना म्हणून लोकांनी जमिनी पड टाकल्या. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी त्याच तालुक्यात नव्यानं मोजणी केली, जमिनीची प्रत लावली, सारा उतरवला आणि तो ३० वर्षांसाठी बांधून दिला. मुंबई इलाख्यातली जमाबंदीची पद्धत पुढं याच पायावर उभी राहिली. आपल्या उताऱ्यावर 'आकार' म्हणून दोन-चार रुपयांचा जो आकडा असतो, तो बहुतेक ठिकाणी जुन्या जमाबंदीतूनच चालत आलेला आहे. आजच्या पोराला तो छापायची चूक वाटतो. सातबाऱ्यावरचा तो एक आकडा धरून गुरुजींना अख्खी रयतवारी शिकवता येईल.

३० वर्षं सरली आणि सारा पुन्हा वाढला. त्याच सुमाराला अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि त्या युद्धामुळं चढलेला आपल्याकडच्या कापसाचा भाव कोसळला. हातात पैसा नाही, सारा मात्र रोख. शेतकरी सावकाराच्या दारात गेला. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात (तेव्हा भीमथडी तालुका, आता बारामती) लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. तिथून हा उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला. आणि लोकांनी मागितलं काय? खतं आणि हुकूमनामे. खत म्हणजे इथं कर्जाचा कागद, युरियाची गोणी नव्हे. ती खतं त्यांनी चौकात आणून जाळली. ज्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं, त्या शेतकऱ्यालाही कागदाची ताकद पक्की ठाऊक होती. वाचता येत नाही आणि अंगठा तर आपलाच आहे, तेव्हा जाळण्यावाचून दुसरा उपाय त्याला दिसला नाही.

सरकारनं चौकशीला आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्यानं न्यायाधीशाला खतावरच्या आकड्याच्या मागं जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. आठवी-नववीच्या वर्गात हा भाग घेताना एक प्रश्न जरूर विचारावा. जळालेले कागद तर गेले, मग या उठावाची हकीकत आपल्याला कळली कशातून? बरीचशी सरकारी अहवालातून. म्हणजे लिहिणारं सरकार. शेतकऱ्याच्या बाजूनं लिहिलेलं काही आहे का? महात्मा फुले यांचा १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' आहे. हे दोन्ही एकत्र ठेवले की 'साधन कोणी लिहिलं, कशासाठी लिहिलं' हा मुद्दा मुलांना वेगळा समजवावा लागत नाही.

कंसातली नावं

पुन्हा फेरफाराकडं येऊ. १९५७ च्या पुढचे फेरफार मुलांना मुद्दाम शोधायला लावावेत. १९४८ च्या कूळकायद्यात पुढं जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. गावातल्या किती जणांचं नाव 'इतर हक्क' मधून भोगवटादाराच्या रकान्यात आलं आणि किती ठिकाणी 'कुळाने राजीखुशीने कब्जा सोडला' अशी नोंद आहे, हे दोन्ही मोजावं. राजीखुशी खरी किती होती, हे कागद सांगत नाही. ते वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं लागतं.

तसंच वतनाचं. जुन्या उताऱ्यावर 'महार वतन', 'इनाम वर्ग ६ ब' अशी अक्षरं दिसतात. त्या नावाखाली एका समाजाला गावाची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी करावी लागत होती आणि बदल्यात मिळत होता तो जमिनीचा तुकडा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारं बिल मांडलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं संपली ती १९५८ सालच्या कायद्यानं. पुस्तकातला सामाजिक समतेचा लढा आपल्या शिवारातल्या नेमक्या कुठल्या गटात झाला, हे मुलाला बोट ठेवून दाखवता येतं.

आणि आता सगळ्यात नाजूक गोष्ट, बहिणींची. जुने वारस फेरफार काढून त्यांत बायकांची नावं मोजा. वडील वारले, तीन मुलगे, दोन मुली. मुलगे भोगवटादार, मुली 'इतर हक्कात', आणि काही वर्षांनी त्या नावांना कंस. कुठं रीतसर हक्कसोडपत्र आहे, कुठं तेही सापडत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला आणि विधवेला बापाच्या, नवऱ्याच्या हिश्श्यात वारस केलं होतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती केली, पण ती २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. चार सालं, चार टप्पे. मुलांना ही सालं पाठ करायला लावली तर विसरतील. आपल्याच गावच्या फेरफारांत ती शोधायला लावली तर नाही विसरणार.

एका मुलीनं घरून एक जुन्या वारस नोंदीची झेरॉक्स आणली होती. तिच्या पणजोबांच्या मागं मुलांची नावं लागली होती, पणजीचं नाव नव्हतंच. पण घरातली आजी सांगत होती की धनी गेल्यावर ते वावर पणजीनंच कसलं, औत दुसऱ्याचं सांगून आणि खुरपं आपलं. आता खरं कुठलं धरायचं? गुरुजींनी उत्तर दिलं नाही, वर्गालाच विचारलं. तासभर चर्चा झाली. लिखित साधन एक सांगतं आणि मौखिक दुसरं, तेव्हा दोन्ही वहीत उतरवायचं आणि तिसरा पुरावा शोधायचा, असं शेवटी मुलांनीच ठरवलं. मग शेजारच्या वस्तीवरच्या दोन म्हाताऱ्यांची तोंडी साक्ष आली, आणि साऱ्याच्या जुन्या पावत्याही सापडल्या. पावत्यांवर 'हस्ते' म्हणून पणजीचं नाव होतं.

कागदावर ज्वारी, शिवारात ऊस

गाव नमुना १२ हा माझ्या आवडीचा भाग, कारण तो शेतीचा. भीमेच्या खोऱ्यातल्या एखाद्या गटाचे जुने-नवे बारा नमुने ओळीनं लावले तर आधी ज्वारी, बाजरी, करडई, हुलगा दिसतो; मग सिंचनाच्या साधनात 'विहीर' येते, मग कालवा किंवा उपसा, आणि पिकाच्या रकान्यात ऊस. हुलगा नाहीसा होतो. शेतीचा इतिहास याहून सोपा कुठं वाचायला मिळणार?

पण या रकान्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हेही मुलांना शिकवावं. पाहणी बांधावर जाऊन व्हायला हवी. ती चावडीत बसून, मागच्या वर्षीचं बघून लिहिली गेल्याच्या तक्रारी नवीन नाहीत. कागदावर ज्वारी आणि शिवारात ऊस, असं झालं की अनुदान आणि नुकसानभरपाई दोन्हींत शेतकरी अडकतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर फोटोसह पीक नोंदवायला सुरुवात केली. म्हणजे साधन तेच राहिलं आणि लिहिणारा बदलला. याचा परिणाम काय होईल, यावर नववीच्या मुलांनी दोन गट करून वाद घालावा. घरी बाबांचा मोबाइल घेऊन नोंद करणारी बहुधा हीच मुलं असतात, तेव्हा अनुभव त्यांच्याकडं आहेच.

तिन्ही प्रकारची साधनं एकाच ठिकाणी हवी असतील तर उजनीकडं पाहा. धरण १९८० मध्ये पुरं झालं. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतली गावं पाण्याखाली गेली. जलाशयाचं पाणी फार खाली गेलं की पळसदेवच्या जुन्या गावठाणातलं पळसनाथाचं दगडी मंदिर उघडं पडतं. हे झालं भौतिक साधन. भूसंपादनाचे निवाडे आणि पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावरचं 'भोगवटादार वर्ग २' हे लिखित साधन. आणि गाव सोडताना घराचे वासे कुणी कसे काढले, गोठ्यातली जनावरं कुठं नेली, हे सांगणारी माणसं अजून आहेत. दरवर्षी त्यांतली काही कमी होतात. म्हणून हे काम यंदाच्या वर्गानं करावं, पुढच्या वर्गावर ढकलू नये.

शाळेचं कपाटही विसरू नका. दाखल-खारीज रजिस्टर, ज्याला आपण जनरल रजिस्टर म्हणतो, ते उघडा. साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाची नोंद आहे. त्या दिवसाची आठवण म्हणून २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस पाळतात. आपल्या शाळेच्या रजिस्टरात पहिली मुलगी कुठल्या साली आली, दुष्काळाच्या वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, किती नावं 'गैरहजर' म्हणून कमी झाली, निम्म्या गावाचा जन्म १ जूनलाच कसा झाला, हे पोरांना हुडकू द्या. १ जूनचं कोडं घरी आजोबांना विचारलं की सुटतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी हीच रजिस्टरं धुळीतून बाहेर आली आणि लोकांना एकाएकी त्यांची किंमत कळली. त्यांतली मोडीतली पानं वाचणारी माणसं तेव्हा कमी पडत होती. पुराभिलेख संचालनालय वेळोवेळी मोडीचे वर्ग घेतं. एखाद्या तरुण शिक्षकानं तो करावा.

नागरिकशास्त्राबद्दल थोडक्यात सांगतो. फेरफार कसा होतो, हाच एक धडा आहे. कुणी वारलं की वारसांनी तीन महिन्यांत कळवायचं. तलाठी (२०२४ पासून पदनाम ग्राम महसूल अधिकारी, गावाच्या तोंडी मात्र तलाठी भाऊसाहेबच) नोंद धरतात, हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा रद्द करतात. आवडलं नाही तर प्रांताकडं अपील. अर्जदार, तलाठी, हरकतदार आणि मंडळ अधिकारी अशी चार मुलं उभी करून वर्गात हे नाटक करता येतं. आणि सातबाऱ्यावरची नोंद चुकीची ठरेपर्यंत खरी धरली जाते, ती मालकीचा शेवटचा शब्द नसते, हेही तिथंच सांगावं. दुसरं म्हणजे ग्रामसभेचं इतिवृत्त. मागच्या वर्षीचा एक ठराव मिळवायचा आणि मुलांनी जाऊन पाहायचं, की ठरावातलं गटार, ठरावातली पाण्याची टाकी जागेवर आहे का. ग्रामपंचायतीनं सरळ दिलं तर उत्तम, नाही दिलं तर गावातल्या कुणा मोठ्या माणसानं २००५ च्या माहिती अधिकाराखाली अर्ज करावा. तो अर्जसुद्धा मराठीच्या तासाला लिहून घेता येतो.

काही पथ्यं मात्र पाळावी लागतात. वर्गात कुणाच्या चालू वादातला कागद घेऊ नका; भावकीतली दोन मुलं एकाच बाकावर असतात. घरचा कागद आणायचा तर आई-वडिलांना विचारून आणि झेरॉक्सच आणायची. रजिस्टरातला जातीचा रकाना झाकून मग प्रत काढा, जिवंत माणसांची नावंही झाका. मूळ कागदाला मुलांचे हात नकोत. आणि कृपा करून जुना कागद लॅमिनेशन करून घेऊ नका, तो पुन्हा कधी सुटा होत नाही. पूर्वी दप्तर सुती रुमालात बांधत, तीच रीत चांगली. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात घाम धरतो आणि बुरशी येते. भुईमुगाच्या शेंगांचं जे होतं तेच कागदाचं.

कागद मिळवायचा कुठं, असं बरेच जण विचारतात. चालू सातबारा आणि आठ-अ महाभूलेखच्या संकेतस्थळावर पाहता येतो. सही-शिक्क्याच्या कामाला डिजिटल स्वाक्षरीचा काढावा. जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात. मोजणीचे नकाशे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. अर्ज करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली ज्या गावात योजना राबवली गेली, तिथं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आहेत. त्याआधीचा कागद गट नंबरावर सापडणार नाही. आधी जुना सर्व्हे नंबर काढून घ्या, अर्जावर दोन्ही नंबर लिहा, आणि शनिवारची सकाळची शाळा सोडून आठवड्याच्या मधल्या वारी कचेरीत जा.